ऑफिसचा सर्व्हर घरून कधी लागतो, कधी लागत नाही. मदत हवी आहे

कृष्णाकाठ (मंगळवार १२, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि चार जण. कोपऱ्यात एक टॉवर सर्व्हर आहे, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९, टॅली आणि सगळ्या पक्षकारांचे फोल्डर. वडिलांचं ऑपरेशन झाल्यामुळे सध्या मी पुण्यात आहे आणि अजून महिनाभर तरी इथंच राहावं लागेल.

रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरचा पडदा इंटरनेटवरून आपल्या लॅपटॉपवर उघडून) मी गेली दोन वर्षं अधूनमधून घरून काम करते, कधीच त्रास झाला नव्हता. तीन आठवड्यांपासून मात्र कधी लागतं, कधी लागत नाही. आत्ता लागलंय, उद्या अकरा वाजता लागेलच असं नाही. ऑफिसात फोन करावा तर उत्तर येतं, "मॅडम, इथं सगळं चालू आहे." आमचे जुने हार्डवेअरवाले काका मागच्या महिन्यात मुलाकडे कायमचे राहायला गेले. आता एक नवा मुलगा येतो. तो राउटर बंद करून चालू करतो, की लागतं. दोन-तीन तासांनी पुन्हा तेच.

२० तारखेला थ्री-बी (जीएसटीचं विवरण) भरायची शेवटची मुदत. माझ्याकडचे ४२ पक्षकार बाकी आहेत आणि इथं हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू आहेत. संगणक मला नीट वापरता येतो, पण नेटवर्किंगमधलं काही कळत नाही. शोधायला सुरुवात कुठून करू?

नाशिककर_७ (९.५२)

शंभर टक्के सीजीनॅट. तुमच्या इंटरनेटवाल्याने गुपचूप बदललं असणार. म्हणजे काय, तर आयपी पत्ते कमी पडतात म्हणून कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आतून प्रत्येकाला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला एक पत्ता. हा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलाय. अशा जोडणीवर तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. अपार्टमेंटला एकच टपालपेटी असावी आणि फ्लॅट नंबर कोणी लिहूच नये, तसं. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आकडा बघा. दोन्ही वेगळे असले तर हेच.

सांजवारा (९.५८)

एनीडेस्क (दूरवरून संगणक चालवायचं तयार अ‍ॅप) टाका आणि झोपा निवांत. एवढा खटाटोप कशाला?

खटपट्या (१०.०५)

@सांजवारा, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरची फुकट आवृत्ती घरगुती वापरासाठी असते, ऑफिसच्या कामाला पैसे भरूनच घ्यावी लागते. शिवाय जे बिघडलंय ते काय आहे हे न कळता दुसरी वाट काढली, तर बिघाड आहे तिथंच राहतो.

@नाशिककर, सीजीनॅट असेल तर कधीच लागणार नाही. 'कधी लागतं' याला ते उत्तर होत नाही.

ताई, 'लागत नाही' एवढ्यावरून काही सांगता येत नाही. डॉक्टरला नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटल्यासारखं झालं. स्क्रीनवर जो संदेश येतो तो अक्षर न अक्षर वाचा आणि इथं लिहा. आणि ज्या क्षणी तुम्हाला लागत नाही, त्याच क्षणी बाहेरून दुसऱ्या कोणाला लागतं का, ते बघा. या दोन गोष्टींवर अर्धं निदान होतं.

कृष्णाकाठ (१०.२०)

@नाशिककर_७, आमच्याकडे पहिल्यापासून पैसे भरून घेतलेला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी आहे. आत्ता लागलेलं आहे तोवर बघून घेतलं. राउटरच्या पानावरचा आणि साइटवरचा आकडा सारखाच आहे, १०३ ने सुरू होतो. म्हणजे ते नसावं.

@खटपट्या, संदेश मी नीट वाचलेलाच नाही, खरं सांगते. लाल फुली दिसली की 'ओके' दाबून परत प्रयत्न करते. उद्या वाचून लिहिते.

पोफळी (१०.३३)

रत्नागिरीहून. आमच्याकडे हा आजार पावसाळ्यात येतो. वीज जाते, यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, सर्व्हर बंद पडतो. वीज आली की राउटर आपोआप चालू होतो, सर्व्हर होत नाही. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानात) 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी एक सेटिंग असते, ती बहुतेक ठिकाणी 'बंदच राहा' वर ठेवलेली असते. ती 'चालू हो' वर करून घ्या. पॉवर प्लॅनमध्ये झोपेची वेळही 'कधीच नाही' करा.

एकदा तर सगळं बरोबर असून मशीन चालू होईना. उघडलं तर पॉवर सप्लायमध्ये पाल. बिचारी उबेला गेली होती. तेव्हापासून कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पट्ट्या आम्ही जाळीने बंद केल्यात.

मिरचीकोशिंबीर (१०.४१)

पालीचं खरं आहे. आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर मांजर झोपतं, तेवढं मात्र चालतं.

तारजोड (११.१५)

मी दूरसंचारमधून निवृत्त झालो. आता हात थरथरतात, पण बिघाड शोधायची पद्धत अंगात मुरलेली आहे, ती सांगतो.

तार कुठं तुटली ते शोधताना आम्ही पूर्ण लाइन एकदम कधी तपासत नसू. मधे एका ठिकाणी उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंना टोन बघायचा. दोष ज्या बाजूला, तिच्या मध्यावर पुन्हा. पाच-सहा पायऱ्यांत खांब सापडतो. तुमच्या बाबतीत लाइन अशी आहे: सर्व्हर, त्याच्या पुढं ऑफिसचं लॅन (आतलं नेटवर्क), मग राउटर, मग इंटरनेट, शेवटी तुमचा लॅपटॉप.

पहिली चाचणी ऑफिसात. दुसऱ्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरचा आतला पत्ता (१९२.१६८ ने सुरू होणारा) लावायला सांगा. लागला तर सर्व्हर आणि लॅन ठीक. दुसरी चाचणी तुमच्याकडून. पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढं तुमचा स्टॅटिक आयपी आणि पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं, तर दरवाजापर्यंत तुम्ही पोचलात आणि दोष आतल्या बाजूला आहे. 'फॉल्स' आलं, तर दोष वाटेत.

एक चूक सगळे करतात ती टाळा. ऑफिसात बसून ऑफिसचाच बाहेरचा आयपी लावून बघू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. माणसाला वाटतं बिघडलंय, आणि बिघडलेलं काहीच नसतं. बाहेरची चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच.

सर्व्हरचा आतला पत्ताही कायमचा बांधून घेतलेला आहे ना, ते बघा. राउटरने वाटून दिलेला पत्ता वीज गेल्यावर .१० चा .१४ होतो. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे पाठवायची राउटरमधली सूचना) मात्र .१० कडेच बोट दाखवत बसतं.

नाशिककर_७ (११.२४)

तारजोड काका, ही अर्धं-अर्धं करत जायची पद्धत इथं पहिल्यांदा इतकी सोपी करून कोणी सांगितली. वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठ (बुधवार १३, सकाळी ११.३५)

सकाळी ११.१० ला बंद पडलं. यावेळी वहीत सगळं लिहून घेतलं.

ऑफिसात आतल्या पत्त्यावर एका सहकाऱ्याला लागलं. माझ्याकडून टेस्ट-नेटकनेक्शन 'ट्रू' आलं. आणि सगळ्यात चकित करणारी गोष्ट: आमच्या लेखापाल आज मिरजेला घरून काम करतायत, त्यांना त्याच मिनिटाला तोच बाहेरचा आयपी लावून लागलं! त्या त्यांच्या नावाच्या खात्याने जातात, मी माझ्या.

संदेश पहिल्यांदाच पूर्ण वाचला. इंग्रजीत आहे, अर्थ असा: 'सुरक्षेची खबरदारी म्हणून हे खातं कुलूपबंद केलं आहे, कारण लॉग-ऑनचे किंवा पासवर्ड बदलण्याचे फार प्रयत्न झाले. थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करा किंवा व्यवस्थापकाला सांगा.' पण मी तर आज एकदाच पासवर्ड टाकला, आणि तो बरोबर होता.

खटपट्या (११.४२)

सापडलं. प्रयत्न फार झालेत, ते तुम्ही केलेले नाहीत. तुमच्या खात्याचं नाव काय आहे? पासवर्ड अजिबात लिहू नका, फक्त एवढंच सांगा: 'अ‍ॅडमिन' आहे का?

कृष्णाकाठ (११.४४)

हो! काकांनी सुरुवातीला तेच ठेवून दिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

खटपट्या (११.५८)

कारण जगभरातले चोर सगळ्यात आधी तेच नाव वापरून बघतात.

लेखापालबाईंच्या जागी सध्या दुसऱ्या कोणाला सर्व्हरसमोर बसवा, ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे अधिकार आहेत. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी. उजवीकडे गाळणी लावा आणि आकडा टाका ४६२५. हा फसलेल्या लॉग-ऑनचा क्रमांक. किती ओळी येतात आणि कोणकोणत्या नावाने, ते बघा. नंतर ४७४० ही बघा, खातं कुलूपबंद झाल्याची नोंद तिथं वेळेसकट मिळेल. ४६२५ मध्ये लॉग-ऑन प्रकार १० ऐवजी ३ दिसला तर गोंधळू नका. आधी ओळख पटवून मगच पडदा उघडणारी एनएलए पद्धत चालू असली की तो तसाच दिसतो.

कृष्णाकाठ (दुपारी १२.४०)

हात गार पडलेत. रात्री बारा ते सकाळी दहा एवढ्यातच चार हजारांवर ओळी आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, यूजर, टेस्ट, अकाउंट्स, आणि हो, 'टॅली' सुद्धा. पत्ते वेगवेगळ्या देशांतले. ४७४० ची एक नोंद ११.०६ ची आहे. मला ११.१० ला लागलं नाही. अगदी जुळतंय.

त्या सर्व्हरवर लोकांचे पॅन, आधार, बँकेची विवरणं आहेत. आमच्यावर कोणाचा डोळा आहे का? कोणी आत तर गेलेलं नाही ना?

अटलांटिक (१.१५)

अमेरिकेतल्या एडिसनहून, इथं मध्यरात्र उलटलीय, पण हे वाचून झोप येईना म्हणून लिहितो. माझं काम याच क्षेत्रातलं.

तुमच्यावर खास कोणाचा डोळा नाही, तेवढं मनातून काढून टाका. सगळ्या जगाच्या आयपीव्ही४ पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का हे तपासायला एका चांगल्या जोडणीवर तासभरही लागत नाही. झेडमॅप नावाच्या साधनाने २०१३ मध्येच हे करून दाखवलं होतं. ज्याचं ३३८९ उघडं दिसेल त्याची नोंद होते आणि मग यंत्रं रात्रंदिवस नावं आणि पासवर्ड लावत बसतात. सांगली त्यांना ठाऊकही नाही.

कोणी आत गेलं का, ते असं बघा. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉग-ऑन. त्यात फक्त प्रकार १० च्या, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या, ओळी ठेवा, आणि प्रत्येकीतला पत्ता व वेळ तुमच्या किंवा लेखापालांच्या कामाच्या वेळेशी जुळते का, ते पाहा. रात्री तीनला परक्या पत्त्यावरून एक जरी ओळ असेल तर सर्व्हरची नेटची वायर काढा आणि मगच पुढचं बोला. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी खातं नाही ना, आणि टास्क शेड्यूलरमध्ये नवीन काही नाही ना, तेही बघा.

नाशिककर_७ (१.२२)

काल मी चुकीचं सांगितलं, हे आता दिसतंय. मग सोपं आहे ना, ती कुलूपबंद करायची पॉलिसी काढून टाका. म्हणजे तुमचं खातं बंद पडणार नाही.

खटपट्या (१.३०)

नको! हे अजिबात करू नका. ठरावीक चुकांनंतर खातं बंद होतंय म्हणूनच सध्या वाचलाय. ती पॉलिसी काढली तर यंत्रं मिनिटाला वाटेल तितके पासवर्ड लावतील आणि एक दिवस लागेल.

सर्व्हर २०१९ मध्ये ही मर्यादा मुळात शून्य असते, म्हणजे कितीही चुका चालतात. ताई, तीन आठवड्यांपूर्वी ती कोणीतरी लावलीय. त्या नव्या मुलाला विचारा.

कृष्णाकाठ (२.०५)

विचारलं. त्यानेच लावली होती. पहिल्याच दिवशी. पाच चुका, तीस मिनिटं कुलूप. मला सांगायचं राहून गेलं म्हणाला. मी गेले पंधरा दिवस त्याला फोनवर बोलत होते की तू आल्यापासून बिघडलंय. आत्ता माफी मागितली.

आणि राउटर बंद-चालू केल्यावर का लागायचं तेही कळलं. तो माधवनगरहून यायलाच अर्धा तास लागतो! तोवर कुलूप आपोआप उघडलेलं असायचं.

४६२४ च्या सगळ्या ओळी बघून घेतल्या. माझा पुण्याचा पत्ता आणि मिरजेचा, या दोनच. अनोळखी खातं नाही. देवाची कृपा.

लेखणीबहाद्दर (३.४०)

देवाची आणि त्या मुलाची. आमच्याकडे असा मुलगा नव्हता.

इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघायचो. पोर्ट असंच उघडं. सोमवारी सकाळी मशीन लावलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं विचित्र अक्षरं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. टॅलीचा डेटा गेला, पत्रव्यवहार गेला, डिझाइनचे फोटो गेले. बॅकअप होता की! रोज व्हायचा. पण ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर व्हायचा, ती कायम त्याच मशीनला लावलेली असायची. तीही कुलूपबंद.

मालकांनी पैसे दिले नाहीत. आम्ही तिघांनी दोन महिने व्हाउचरच्या फायली उघडून एक वर्षाच्या नोंदी पुन्हा टाकल्या. दिवाळीत घरी गेलो नाही. ताई, आज संध्याकाळी कोणाला तरी सांगून बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवायला लावा. बाकीचं उद्या.

कृष्णाकाठ (३.५१)

सांगितलं. आमचीही लावलेलीच होती. आता दोन डिस्क आळीपाळीने, एक नेहमी कपाटात.

सांजवारा (४.१०)

तो २०१७ चा वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) पण याच वाटेने आला होता ना?

अटलांटिक (४.२५)

नाही, तो फाइल शेअरिंगच्या एसएमबी मार्गाने, पोर्ट ४४५. रिमोट डेस्कटॉपमधलं मोठं भगदाड मे २०१९ मध्ये जाहीर झालं, ब्लूकीप. त्यात पासवर्ड न टाकताच आत जाता येत होतं. इतकं गंभीर, की मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि सर्व्हर २००३ सारख्या केव्हाच बंद केलेल्या आवृत्त्यांनाही दुरुस्ती दिली. सर्व्हर २०१९ त्यात नव्हता. पण कोणाकडे अजून विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ वर टॅली चालत असेल तर त्यांनी हा धागा आपल्यासाठीच आहे असं समजावं.

मिरचीकोशिंबीर (४.४०)

पोर्ट ३३८९ बदलून दुसरंच काही ठेवलं तर? आमच्याकडे तसंच केलंय.

खटपट्या (४.५५)

गर्दी कमी होते, थांबत नाही. पोर्ट बदललं तरी पलीकडं रिमोट डेस्कटॉप आहे हे यंत्राला एका हाकेत कळतं.

खरा उपाय हा की ३३८९ बाहेरच्या जगाला दिसायलाच नको. आधी व्हीपीएनने (इंटरनेटमधून काढलेल्या खाजगी, कुलूपबंद बोगद्याने) ऑफिसच्या जाळ्यात शिरायचं, मग आतल्या पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप. तुमच्या राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर असेल तर उत्तम. त्यातला ओपनव्हीपीएन हा प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो, वायरगार्ड असेल तर तेच घ्या. सुटसुटीत आहे, एक यूडीपी पोर्ट उघडावं लागतं (बहुधा ५१८२०) आणि बरोबर किल्ली असल्याशिवाय ते कोणाला उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तिथं काही आहे हे कळतसुद्धा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या फांदीवर बसलाय ती आधी तोडू नका. तुम्ही पुण्यात आहात. आधी व्हीपीएन लावा, त्यातून दोनदा-तीनदा लागतंय हे मोबाइलच्या नेटवरून बघा, आणि मगच ३३८९ चं फॉरवर्डिंग काढा. तेही ऑफिसात कोणीतरी बसलेलं असताना.

नाशिककर_७ (५.१०)

ज्यांच्याकडे खरंच सीजीनॅट आहे आणि स्टॅटिक आयपी परवडत नाही, त्यांनी टेलस्केल बघावं. ते वायरगार्डवरच उभं आहे आणि पोर्ट न उघडता चालतं. फक्त गंमत अशी की तेही मशीनला १००.६४ च्याच पट्ट्यातला पत्ता देतं. मी तो बघून दोन तास इंटरनेटवाल्याशी भांडलो होतो. ऑफिसला वापरताना त्यांच्या अटी वाचून योग्य तो प्लॅन घ्या.

पोफळी (५.३०)

थोडं अवांतर. आमच्या ऑफिसात सर्व्हर नाही, विंडोज ११ प्रो आहे. एकाने बाहेरून लावलं की समोर बसलेल्याचा पडदा बंद होतो. चौघांना एकदम कसं वापरता येईल? एक जण म्हणाला, एक छोटी फाइल टाकली की होतं.

खटपट्या (५.४५)

त्या फाइलच्या नादी लागू नका. परवान्याच्या अटी मोडतात, आणि विंडोजचं अपडेट आलं की ती बंद पडते. प्रोमध्ये एका वेळी एकच जण, होममध्ये तर बाहेरून लावताच येत नाही. सर्व्हरवरही दोनच सत्रं मिळतात, आणि तीही देखभालीसाठी. जास्त लोकांना कामासाठी बसवायचं तर रिमोट डेस्कटॉपचे वेगळे परवाने लागतात. सर्व्हरवर ही जास्त लोकांची सोय चालू केल्यापासून १२० दिवस सवलतीचे. १२१ व्या दिवशी सकाळी सगळं ऑफिस बाहेर, आणि कोणालाच आठवत नाही की चार महिन्यांपूर्वी आपण काय केलं होतं.

लेखणीबहाद्दर (५.५८)

बरोबर साठ मिनिटांनी सत्र तुटण्याचा प्रकारही मी पाहिलाय. सर्व्हर २०१९ होता, डोमेन (सगळी खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नव्हतं, नुसता वर्कग्रुप. आणि परवाने घेतले होते माणशी. वर्कग्रुपमध्ये यंत्रागणिक घ्यायचे असतात. आम्ही नेटवर्कच्या वायरी बदलत बसलो होतो.

कृष्णाकाठ (गुरुवार १४, दुपारी २.२०)

काल रात्री त्या मुलाने राउटरवर वायरगार्ड लावून दिलं. दहा मिनिटं मला व्हिडिओ कॉलवर समजावलं. लागलं! माझ्यासाठी नवीन नावाचं खातं केलं आणि जुनं 'अ‍ॅडमिन' बंद केलं. रोजच्या कामाच्या खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार ठेवले नाहीत.

आणि आज सकाळपासून पुन्हा लागत नाही. व्हीपीएन लागतंय, राउटरचं पान दिसतंय, सर्व्हर नाही. ऑफिसात सांगून सर्व्हरचं बटण दाबायला लावलं, चालू झाला. पण आता नवीनच संदेश: 'तुमच्या आणि पलीकडच्या संगणकाच्या वेळेत किंवा तारखेत फरक असल्यामुळे ओळख पटवता येत नाही.' मी रडकुंडीला आलेय, सहा दिवस राहिलेत.

पोफळी (२.२८)

आज गुरुवार. तुमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद होती का?

कृष्णाकाठ (२.३१)

हो, सकाळी नऊ ते साडेबारा.

तारजोड (२.५०)

बाळ, घाबरू नकोस. हा दुसरा आजार आहे, पहिल्याशी याचा संबंध नाही. दोन दोष एकाच वेळी असले की माणूस एकच कारण शोधत बसतो आणि दमतो.

सर्व्हरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते ते विचार. वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. चार-सहा वर्षांत ती उतरते. मग मशीन चालू होताना त्याला आपण भूतकाळात आहोत असं वाटतं. तारीख चुकली की सुरक्षेची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, ब्राउझरमध्ये बँकेच्या साइटीही उघडत नाहीत. आत्ता हाताने तारीख-वेळ दुरुस्त करून घे, लगेच लागेल. बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते.

कृष्णाकाठ (३.१२)

१ जानेवारी २०१९! तारीख दुरुस्त केल्याबरोबर लागलं. काका, तुमचे पाय धरते. त्या मुलाने दुकानातून बॅटरी आणली, बदलली, आणि पोफळींनी सांगितलेली बायोसची सेटिंगही त्याच वेळी 'चालू हो' वर केली. सर्व्हरचा आतला पत्ता कायमचा बांधला. संध्याकाळी सहाला, तो ऑफिसात असतानाच, ३३८९ चं फॉरवर्डिंग काढायचं ठरलंय.

तारजोड (३.२०)

आता वडिलांकडे बघ. कशी आहे तब्येत?

कृष्णाकाठ (३.२४)

आज पहिल्यांदा वॉकर घेऊन दारापर्यंत चालले.

अटलांटिक (शुक्रवार १५, सकाळी ७.५०)

फॉरवर्डिंग काढलं का? काढल्यावर बाहेरून, व्हीपीएन बंद ठेवून, टेस्ट-नेटकनेक्शन पुन्हा करा. आता 'फॉल्स' यायला हवं.

कृष्णाकाठ (१०.०५)

'फॉल्स' आलं. आणि रात्रीतून ४६२५ च्या ओळी: शून्य. तो रिकामा पडदा मी दोनदा ताजा करून बघितला.

आता शेवटचा एक प्रश्न. दोन पक्षकार कंपन्या आहेत, त्यांच्या विवरणाला डीएससीची, म्हणजे यूएसबी टोकनमधली डिजिटल, सही लागते. टोकन सर्व्हरच्या यूएसबीला लावलेलं आहे, पण रिमोटमधून बघितलं तर टोकन सापडत नाही म्हणतं. समोर बसून केलं तर सापडतं.

खटपट्या (१०.३०)

ते बिघडलेलं नाही, मुळातच तसं आहे. रिमोट सत्रात सर्व्हरला लावलेलं स्मार्टकार्ड (तुमचं टोकन त्याच प्रकारचं) दिसत नाही. तुम्ही जिथं बसलाय त्या लॅपटॉपला लावलेलं दिसतं. म्हणजे टोकन पुण्यात हवं, आणि जोडणी करण्याआधी रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत लोकल रिसोर्सेसमध्ये 'स्मार्ट कार्ड्स' वर खूण हवी. टोकनचा ड्रायव्हर दोन्हीकडे टाका.

त्यापेक्षा सोपं म्हणजे त्या दोन विवरणांपुरता रिमोटचा हट्टच सोडा. सही करणारे संचालक सांगलीतच असतील ना? त्यांना ऑफिसात बोलवा, टोकन साध्या पीसीला लावा आणि त्यांच्या समोरच सही होऊ द्या.

लेखणीबहाद्दर (१०.४४)

अनुमोदन. दुसऱ्याचं टोकन आपल्या यंत्राला कायम लावून ठेवणं तसंही बरं नाही. ज्याचं त्याच्या खिशात.

कृष्णाकाठ (१०.५२)

बरोबर आहे. दोघांनाही आज फोन करते, आणि टोकन काढून पाकिटात घालून ठेवायला सांगते.

मिरचीकोशिंबीर (शनिवार १६, रात्री ९.१५)

हा धागा वाचून आमच्या दवाखान्याच्या मशीनवर ४६२५ बघितलं. पोर्ट बदललेलं असूनही नऊशेच्या वर ओळी. सोमवारी व्हीपीएन लावून घेतोय. रुग्णांचे रिपोर्ट आहेत त्यात.

कृष्णाकाठ (मंगळवार १९, रात्री ११.०५)

४२ पैकी ४२ भरून झाली. दोन्ही कंपन्यांच्या सह्या काल ऑफिसात झाल्या. या सहा दिवसांत जोडणी एकदाही तुटली नाही. मधे रविवारी वीज गेली होती, सर्व्हर आपला आपण उठला आणि तारीखही बरोबर होती. त्या मुलाशी वर्षाचा देखभालीचा करार केला. आता तो काहीही बदललं की आधी मला लिहून कळवतो, आणि मी वाचते.

सांजवारा (११.२०)

ताई, अभिनंदन! खात्याचं नवीन नाव काय ठेवलंत? म्हणजे मीही तशाच धर्तीवर ठेवीन.

कृष्णाकाठ (११.२६)

ते मात्र इथं सांगत नाही :) पण त्यात माझं नाव नाही, गाव नाही आणि हुद्दाही नाही.